पकड : टायर, रस्ता आणि उसाची ट्रॉली

कुंडलच्या कुस्ती मैदानात जोड लागली की पैलवान आधी मूठभर माती उचलतो आणि समोरच्याच्या मानेवर, खांद्यावर टाकतो. नव्या माणसाला तो रिवाज वाटतो. रिवाज आहेच, पण त्यात रोकडा फायदाही आहे. घामानं निथळणारं अंग हातातून निसटतं. माती लागली की पकड बसते. दंडात कितीही ताकद असली आणि पंजा घसरत असला, तर ती ताकद समोरच्यापर्यंत पोचतच नाही. मोटारीचंही तसंच. इंजिनात शंभर घोड्यांची ताकद असेल, पण ती कामी येते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणातून, आणि घर्षण जेवढी परवानगी देईल तेवढीच.

पुढच्या सगळ्या पानांचा पाया एका वाक्यात सांगता येतो. गाडीला पुढे ढकलतो तो रस्ता. इंजिन फक्त चाक फिरवतं. फिरणारं चाक डांबराला मागे रेटतं, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमानं डांबर चाकाला तेवढ्याच जोरानं पुढे रेटतं. हे रेटणं थांबलं की काय होतं ते पावसाळ्यात पाणंदीत रुतलेल्या ट्रॅक्टरला विचारावं: मागची चाकं गरागरा फिरतात, चिखल उडतो, इंजिन ओरडतं, आणि ट्रॅक्टर जागच्या जागी. ब्रेकचंही असंच. ब्रेक थांबवतो चाकाला. गाडीला थांबवतो रस्ता. स्टिअरिंग फिरवल्यावर पुढची चाकं तिरकी होतात एवढंच. गाडीला बाजूला वळवणारा जोर रस्त्याकडूनच यावा लागतो. चालणं, थांबणं, वळणं ही तीनही कामं बाहेरून, जमिनीकडून होतात. ड्रायव्हर फक्त मागणी करतो.

मागणी कुठल्या जागेतून पुरी होते ते मोजून पाहण्यासारखं आहे. बाराशे किलोची गाडी घ्या. प्रत्येक टायरवर साधारण तीनशे किलो येतात. टायरमधली हवा ३३ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो. भागाकार केला की एका टायरचं जमिनीशी टेकलेलं क्षेत्र साधारण १३० चौरस सेंटिमीटर निघतं. हा एक तळहात. चारही टायरांचं मिळून छपाईच्या एका साध्या कागदाएवढंही भरत नाही. घरातली सहा माणसं, त्यांचं सामान आणि ताशी ऐंशीचा वेग, सगळं एवढ्या जागेच्या भरवशावर असतं. गाडी घेताना आपण मायलेज विचारतो, रंग विचारतो, हल्ली स्क्रीन किती इंची तेही विचारतो. टायर कोणता, हे विचारणारं गिऱ्हाईक क्वचित.

हे पुस्तक कुंडलहून का निघावं, असा प्रश्न काहींना पडेल. पलूस तालुक्यातल्या या गावाचं नाव निघालं की लोकांना आठवतं ते प्रतिसरकार, क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, तुफान सेना आणि ७ जून १९४३ रोजी शेणोलीला अडवलेली पगाराची रेल्वेगाडी. त्यावर लिहिलं गेलं आहे आणि अजून लिहिलं जाईल. टायरवर लिहायला कुणाला सुचलं नाही, याचं नवल नाही. पण चाकाशी या परिसराचं नातं जुनं आहे. शेजारच्या किर्लोस्करवाडीच्या स्टेशनचं आधीचं नाव कुंडल रोड. औंध संस्थानच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कारखाना उभा केला तो तिथे. त्या उद्योगाचा आरंभ मात्र १८८८ सालच्या बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून धरतात. त्याच वर्षी बेलफास्टमध्ये जॉन डनलॉप या पशुवैद्यानं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. मुलाच्या तीनचाकीला बसणारे हादरे कमी व्हावेत एवढाच त्याचा हेतू होता. (त्याच्या आधी, १८४५ साली, रॉबर्ट थॉमसननं हीच कल्पना पेटंट केली होती, पण तेव्हा सायकलीच आल्या नव्हत्या, मोटार तर दूरच, आणि ती कल्पना मागे पडली.) योगायोगातून काही सिद्ध होत नाही, हे मान्य. तरी सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

खरं कारण आजचं आहे. दिवाळीच्या आसपास गळीत हंगाम सुरू झाला की इथल्या रस्त्यावर एकाच वेळी काय काय असतं ते पाहा: दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मोळ्यांनी शिगोशीग भरलेले ट्रक, मराठवाड्यातून आलेल्या तोडणी कामगारांच्या बैलगाड्या, दुधाच्या किटल्या अडकवलेल्या मोटारसायकली, द्राक्षाचे टेंपो, शाळेची बस आणि यांच्यामधून वाट काढणारी पुण्या-मुंबईची मोटार. प्रत्येकाचं वजन वेगळं, टायर वेगळा, ब्रेक वेगळा. रस्ता एकच, आणि तोही सगळीकडे सारखा नाही. कुठे पाचट पडलेलं, कुठे रानातून वर आलेल्या ट्रॅक्टरनं काळ्या मातीची ढेकळं सांडलेली, कुठे खड्डा बुजवून उरलेली बारीक खडी. भौतिकशास्त्राचा धडा शिकवायला यापेक्षा भरलेली प्रयोगशाळा मिळणार नाही.

आता थोडं गणित. घाबरण्यासारखं नाही.

घर्षणाचा जोर हा वर असलेल्या भाराच्या प्रमाणात असतो. हे फ्रान्समध्ये आमोन्तोनं १६९९ मध्ये मांडलं. लिओनार्दोच्या वह्यांत ते त्याच्याही दोनशे वर्षं आधी नोंदलेलं सापडतं. त्या प्रमाणाला घर्षणांक म्हणतात. चांगला टायर आणि कोरडं डांबर असेल तर तो साधारण ०.७ धरावा, ओल्या डांबरावर ०.४, ओल्या मातीचा थर असेल तर ०.२ किंवा त्याहूनही कमी. रबर हा मोठा लहरी पदार्थ आहे. आमोन्तोचा नियम तो तंतोतंत पाळत नाही, वेग आणि तापमान बदललं की वागणं बदलतो. तरी अंदाजासाठी हे आकडे पुरतात.

ताशी साठ किलोमीटर वेगानं जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत कोरड्या डांबरावर सुमारे २० मीटर जाते, ओल्यावर ३५, मातीच्या थरावर ७०. यात ड्रायव्हरला धोका दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ धरलेला नाही. तो एक सेकंद धरला तरी त्यात आणखी १७ मीटर गेलेले असतात. वेगाचा हिशेब तर याहून कडक आहे, कारण अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. चाळीसला ९ मीटर लागत असतील तर ऐंशीला १८ लागत नाहीत, ३६ लागतात. पोरांना हे सूत्र दहावीपर्यंत येतं, परीक्षेत त्याचे गुणही मिळतात, आणि लायसन मिळालं की विसरायला होतं.

याच सूत्रातली एक गोष्ट पुष्कळांना पटत नाही. थांबण्याच्या अंतरात गाडीचं वजन येतच नाही. वजन दुप्पट झालं तर थांबवायला जोर दुप्पट लागतो, पण टायरवरचा भारही दुप्पट झाल्यामुळे घर्षणही दुप्पट मिळतं. जमाखर्च सारखा. मग भरलेला ट्रक थांबायला जास्त जागा का घेतो? त्याचे ब्रेक तापतात, टायरचं रबर वेगळं असतं, ब्रेकच्या हवेला नळीतून चाकापर्यंत पोचायला क्षण लागतो, अशी कारणं आहेत. पण निदान त्याच्या सगळ्या चाकांना ब्रेक असतात. आमच्या रस्त्यावरच्या बऱ्याच ट्रॉल्यांना ते नसतात, आणि इथे सगळा हिशेब उलटतो.

समजा ट्रॅक्टर अडीच टनांचा आहे आणि मागच्या दोन ट्रॉल्या उसासकट वीस टनांच्या. एकूण साडेबावीस टन. ब्रेक आहे तो फक्त ट्रॅक्टरला, म्हणजे एकूण भाराच्या नवव्या हिश्शाला. घर्षण अडीच टनांच्या प्रमाणात मिळणार आणि थांबवायचे आहेत साडेबावीस टन. साहजिकच थांबायला नऊपट अंतर लागणार. ताशी वीसच्या वेगाला एकटा ट्रॅक्टर सव्वादोन मीटरमध्ये थांबला असता, तिथे हा ताफा २० मीटर घेतो. ही सपाट, कोरड्या रस्त्यावरची गोष्ट झाली.

आता तोच ताफा उतारावर आणा. सागरेश्वराच्या डोंगरातला एखादा उतार मनात धरा. आकडा सोयीसाठी पंधरास एक घेऊ, म्हणजे पंधरा मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली. उतार पूर्ण साडेबावीस टनांना वजनाच्या पंधराव्या हिश्शानं, म्हणजे ०.०६७ नं खाली ओढतो. ब्रेकचा जोर ०.७ चा नववा हिस्सा, म्हणजे ०.०७८. दोघांत फरक उरला ०.०११ चा. तेवढ्या फरकावर ताशी वीसचा वेग शून्यावर आणायला १४० मीटरच्या वर लागतात. आणि वळवाचा पाऊस पडून घर्षणांक ०.४ वर आला असेल तर ब्रेकचा जोर ०.०४४, उतार त्याला हरवतो. ड्रायव्हरनं पाय पूर्ण दाबलेला असताना ताफ्याचा वेग वाढत जातो. चाकं लोळताना टायर वाकतो-उलगडतो, त्याचा थोडा विरोध होतो, तो मी हिशेबात धरलेला नाही. धरला तर परिस्थिती जराशी सुधारते. पण मी ट्रॅक्टरच्या चारही चाकांना ब्रेक आहेत असं मानलं आहे, आणि बहुतेक ट्रॅक्टरांना ते मागच्या दोनच चाकांना असतात. म्हणजे हिशेब एका बाजूनं कडक झाला, तर दुसऱ्या बाजूनं उदार.

उतारावर गिअर टाकून उतरावं असं जुने ड्रायव्हर सांगतात ते बरोबरच आहे. ब्रेक तापत नाहीत, वेग हातात राहतो. पण इंजिनाचा विरोधसुद्धा मागच्या टायरांमधूनच रस्त्यापर्यंत जातो. त्या टायरांची जेवढी पकड, तेवढीच इंजिनाची मदत. ती संपली की मागच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला ढकलू लागतात, तो तिरका होतो आणि जोडणीच्या पिनाभोवती घडी पडते. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून उतरणाऱ्याबद्दल इथे काही लिहीत नाही. त्यासाठी पुढे वेगळं प्रकरण आहे आणि त्यातली भाषा थोडी कडक झाली आहे.

बैलगाडीचा हिशेब वेगळा नाही. लाकडी चाकावर लोखंडी धाव होती तेव्हा गाडी ओढायला जड जायची. रबरी टायर आला, बेअरिंग आलं, लोळण्याचा विरोध घटला आणि त्याच दोन बैलांमागे कितीतरी जास्त ऊस भरता येऊ लागला. थांबवायचं काम मात्र राहिलं बैलांच्या खुरांकडे. त्या खुरांना पत्री मारलेली, म्हणजे लोखंड. खाली उन्हानं गुळगुळीत झालेलं डांबर. उतारावर बैल मागे रेलतात, पाय रोवायचा प्रयत्न करतात आणि घसरतात. टायरनं ओढणं सोपं केलं, थांबणं नाही. या असमतोलाकडे कारखान्यांनी, गाडी बनवणाऱ्यांनी आणि आपण सगळ्यांनीच फारसं पाहिलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

वळणाबद्दल एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. पकड जितकी जास्त तितकं चांगलं, हे मोटारीच्या बाबतीत जवळजवळ खरं आहे. तीस मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर कोरड्यात ताशी ५१ पर्यंत टायर धरून ठेवतो, ओल्यात ३९, बारीक खडीवर ३४ च्या आसपास सोडतो. उसाच्या ट्रॉलीचं तसं नाही. मोळ्या रचून तिची उंची इतकी होते की भाराचा मध्य जमिनीपासून १.८ मीटरवर जातो, आणि दोन चाकांतलं अर्धं अंतर भरतं जेमतेम ०.८ मीटर. अशी ट्रॉली घसरण्याआधी कलंडते. पंधरा मीटरच्या वळणावर टायर ताशी ३६ पर्यंत जमीन सोडणार नाहीत, पण ट्रॉली २९ लाच आडवी होते. एक चाक खचलेल्या साइडपट्टीवर उतरलं तर त्याच्याही बरीच आधी. टायर घसरले असते तर कदाचित ती उभी राहिली असती. रस्त्यात पसरलेल्या मोळ्यांभोवती जमलेली माणसं ड्रायव्हर जोरात होता की सावकाश यावर वाद घालतात, आणि रचाईची उंची कुणी मोजत नाही.

मोटारीकडे परत येऊ. वळण आणि ब्रेक या दोन मागण्या एकाच वेळी केल्या तर काय होतं? टायरकडे एकूण ०.७ आहे. त्यातले ०.६ वळण्यात गुंतले असतील तर ब्रेकसाठी उरतात ०.३६. बेरीज-वजाबाकीनं ०.१ यायला हवे होते असं वाटेल, पण दोन जोर काटकोनात असल्यामुळे इथे पायथागोरसचा नियम लागतो. तरीही पकड निम्म्यावर आली. म्हणून वेग कमी करायचा तो वळण सुरू होण्याआधी. खंबाटकीच्या घाटातून किंवा कुंभार्लीतून रोज ये-जा करणारा ड्रायव्हर हे कुठलंही सूत्र न शिकता पाळतो. नवखा माणूस वळणात शिरतो, मग घाबरतो, मग ब्रेक दाबतो. आणि चाक जागेवर बांधलं गेलं की गाडी स्टिअरिंगचं ऐकत नाही, सरळ जाते.

चाक बांधलं गेल्यावर दोन तोटे होतात. लोळणाऱ्या चाकाचा जमिनीला टेकलेला भाग त्या क्षणापुरता जवळजवळ स्थिर असतो. रबर डांबराच्या बारीक खाचाखोचांत बसतं, चिकटतं आणि सोडतं. चाक थांबून घसरू लागलं की रबराला तसं बसायला वेळच मिळत नाही, आणि घर्षण उतरतं. सर्वांत जास्त पकड मिळते ती चाक किंचित, दहा-वीस टक्के, मागे पडत असताना. दुसरा तोटा म्हणजे घसरणारं चाक कुठल्या दिशेला तोंड करून आहे याला अर्थ उरत नाही. एबीएस हेच टाळते: चाक बांधलं जातंय असं दिसलं की ब्रेक क्षणभर सोडते, पुन्हा धरते, सेकंदातून कित्येकदा. २०१९ च्या एप्रिलपासून आपल्याकडे नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. पायाखाली पेडल थरथरतं तेव्हा काहीतरी बिघडलं असं समजून पाय उचलणारे लोक मी पाहिले आहेत. पाय उचलायचा नसतो. आणि एबीएस घर्षण वाढवत नाही, असलेलं वाया जाऊ देत नाही. मातीच्या थरावर ०.२ चे ०.७ ती करणार नाही.

मोटारसायकलवाल्यांसाठी पुस्तकात मोठा भाग आहे, कारण आपल्या गावात गाडी म्हटलं की तीच. पुढचा ब्रेक दाबला की माणूस पालथा पडतो ही समजूत इतकी पक्की आहे की कित्येक जण त्याला हात लावायलाही भितात. ब्रेक लागला की भार पुढे सरकतो. बसलेल्या माणसासकट भाराचा मध्य ०.६ मीटर उंच आणि दोन चाकांत सव्वा मीटर अंतर धरलं, तर कोरड्या डांबरावर पूर्ण ब्रेक लागताना मागच्या चाकावर वजनाचा सहावा भाग जेमतेम उरतो. घर्षण भारावर अवलंबून, तेव्हा मागचं चाक तरी काय थांबवणार? फक्त मागचा ब्रेक वापरणारा दोन्ही ब्रेक वापरणाऱ्यापेक्षा अडीच पटीहून लांब जाऊन थांबतो. मात्र समजूत अगदी पोकळ नाही. खडीवर, ओल्या पाचटावर किंवा वळणात पुढचं चाक बांधलं गेलं तर सावरायला वेळ मिळत नाही. भीती खडीची असावी, ब्रेकची नव्हे.

राहिला पाऊस. जूनमधल्या मुसळधार पावसापेक्षा मे महिन्यातली वळवाची पहिली सर टायरला जास्त वाईट. कित्येक महिन्यांची धूळ, गळलेलं ऑइल, झिजलेल्या टायरांचा बुक्का डांबरावर साठलेला असतो. थोडं पाणी पडलं की त्याचा लेप तयार होतो. जोराचा पाऊस अर्धा तास पडला की तो धुऊन जातो आणि रस्ता उलट बरा होतो. पाणी साचलं तर वेगळा धोका. टायरवरच्या खाचा असतात त्या खालचं पाणी बाजूला काढून रबराला डांबरापर्यंत पोचवण्यासाठी. कोरड्या रस्त्यावर गोटा झालेला टायरही पकड घेतो, म्हणून लोक तो चालवत राहतात. पाण्यावर तो पाण्याच्या थरावरच चढून बसतो. तीस पीएसआय हवा असलेला टायर साचलेल्या पाण्यावर ताशी नव्वदच्या आसपास जमीन सोडू शकतो, आणि खाचा झिजल्या असतील तर त्याआधीच. मोटारीच्या टायरवर खाचेची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी हा नियम यासाठी आहे.

शेवटी एक प्रयोग सुचवतो, कारण या पुस्तकातले घर्षणांक सगळे अंदाजाचे आहेत आणि तुमच्या दारातल्या रस्त्याचा आकडा तुम्हीच काढलेला चांगला. जुन्या टायरचा वीतभर तुकडा कापून घ्यावा, त्यावर फळी ठोकून दहा किलोचं वजन बांधावं, आणि पुढे हुक लावून स्प्रिंगच्या काट्यानं सावकाश, जमिनीला समांतर ओढावं. काट्यावर जितके किलो दिसतील त्यांना एकूण वजनानं भागलं की घर्षणांक. आधी कोरड्या डांबरावर, मग पाणी मारून, मग ओली काळी माती पसरून. शाळेतल्या मुलांना एका दुपारात हे होतं. फक्त रहदारीच्या रस्त्यावर करू नये, शाळेच्या आवारातला पट्टा पुरे. तुकडा हलण्याआधी काटा थोडा वर जाईल आणि तो सरकू लागला की खाली उतरेल. दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवावेत. तिसऱ्या प्रकरणात दोन्ही लागतील.